खळ्यापर्यंतच

आंब्याच्या ऑर्डरी घ्यायला काकीने फोनवर कसलंसं फुकटचं अ‍ॅप घेतलं होतं. ते फोटो, नंबर, फायली सगळं बघायची परवानगी मागत गेलं आणि ती दरवेळी ‘हो’ दाबत गेली. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, “विचारून येता रे. दारात इलेल्याक नाय कसा म्हणू?”

“नारळ पाडूक येता तो खंयपर्यंत येता?” मी विचारलं.

“भायर खळ्यापर्यंत. गूळपाणी थंयच देतंय.”

“मग हेकाय थंयच बसव.”

मी एकेक परवानगी काढून घेतली. ऑर्डरी तरीही येत राहिल्या. मग, नीट कसं ठेवायचं ते दाखवायला, मी ऐटीत माझा लॅपटॉप उघडला. परवानग्यांच्या यादीत सगळ्यात वर होता कधीतरी दोन फायली जोडायला घेतलेला एक फुकटचा प्रोग्राम. त्याला मी अख्खी ड्राइव्ह मोकळी करून दिली होती, आईच्या आजारपणाच्या कागदांसकट.

काकीने चष्मा सारखा केला. “आणि हेका खंयपर्यंत सोडलंस?”

“देवघरापर्यंत,” मी म्हटलं.