पोटरीतला गोळा आणि दुपारची हजेरी

पायाला काळा दोरा बांधून बघ, असं मला सांगणाऱ्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. त्यातले बरेचजण आता हयात नाहीत, तरी आहे.

तेव्हा मी लोणावळ्याला थोरल्या भावाकडे राहत होते आणि भाजे लेण्यांच्या पलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली एक खोली. घरापासून आठ मैल. मळवलीपर्यंत आगगाडी होती, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ काही केल्या जुळेना. म्हणून दादाने रेल्वे कॉलनीतून विलायतेला परत निघालेल्या एका मड्डमेची सायकल मला घेऊन दिली. हे त्याचे उपकार मी नाकारत नाही. बहिणीला सायकलवर बसवणारा भाऊ आमच्या आळीत दुसरा नव्हता. पण सायकल घरात आली त्याच दिवशी त्याने पाना घेऊन सीट अगदी तळाला नेऊन बसवली. म्हणाला, "बाईमाणसाचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. पडलीबिडलीस तर चारचौघांत शोभा नको." पाना त्याच्या ट्रंकेत गेला.

म्हणजे आठ मैल मी सायकल चालवत नव्हते, उकिडवी बसून पाय मारत होते. गुडघे छातीशी आणि नऊवारीचा घोळ दोन्ही गुडघ्यांत. पाय एकदाही सरळ होत नसे.

शिवाय मी पाणी पीत नसे. सकाळी अर्धा कप चहा, की संध्याकाळी घरी येईपर्यंत थेंब नाही. का, ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पण एकीनेही ते मोठ्याने सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. रस्त्यात पुरुष वाटेल तिथे पाठ फिरवून उभे राहत. आम्ही कुठे जायचं? तेव्हा पाणीच प्यायचं नाही, हा उपाय मी शोधून काढला होता आणि मोठी शहाणी समजत होते स्वतःला.

कार्ल्याचा फाटा मागे पडला की पोटरीत गोळा यायचा. आला की आला. पोटरी दगडासारखी व्हायची, पाय पायंडलावरून काढता येत नसे, डोळ्यांत पाणी यायचं. मग सायकल हातात धरून लंगडत जायचं. शाळेला पोचेपर्यंत अकरा वाजून गेलेले असत आणि शाळा कमिटीचे अध्यक्ष चावडीच्या ओट्यावर घड्याळ घेऊन बसलेले असत. शेरेबुकात लिहीत, 'शिक्षिका उशिरा आल्या.' माझी उमेदवारी चालू होती. कायम झाले नाही तर मला जन्मभर दादाच्या घरात भाकऱ्या थापायच्या होत्या, दुसरं काही नाही.

उपाय सांगणाऱ्यांची मात्र रीघ लागली होती. वैद्य म्हणाले वात आहे. शेजारीण म्हणाली एरंडेल चोळ. वहिनीने तांब्याचं वळं आणलं. काळा दोरा तर तिघांनी बांधला, एकावर एक. सीट कुणी बघितली नाही. तू पाणी पितेस का, असं कुणी विचारलं नाही.

एका गुरुवारी मळवलीच्या रेल्वे गेटाशी दोन्ही पोटऱ्या एकदम धरल्या आणि मी सायकलसकट आडवी झाले. गेट बंद होतं, बैलगाड्या थांबलेल्या, दहाबारा पुरुष उभे. "बाई पडली," असं ते एकमेकांना सांगत होते. मला कळलंच नसावं अशी त्यांची समजूत असावी! पाऊल धरून वर दाबलं की गोळा सुटतो, हे त्यातल्या निम्म्यांना तरी ठाऊक असणार. पण बाईच्या पायाला हात कोण लावणार? ते बघत राहिले आणि मी मातीत लोळत राहिले.

गेटवाल्याची बायको खोपटातून धावत आली. घर मुसलमानाचं, बोली मात्र अस्सल मावळची. तिने मला बसतं केलं, माझी पावलं पोटाशी घेतली आणि अंगाचा भार टाकून चवडे वर रेटले.

"वांब आलाय. पानी पिलतीस का?"

"नाही."

"सकाळधरनं न्हाई?" तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "जायाला जागा न्हाई म्हनून, व्हय ना?"

मी रडायला लागले. दुखत होतं म्हणून नव्हे. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

तिने मला खोपटामागच्या कुडाच्या न्हाणीत नेलं. मग तांब्याभर पेज दिली, मीठ घातलेली. "भातलावनीला दिसभर वाकतो आमी. मिठाची पेज घेतल्याबिगर रानात पाय ठेवीत न्हाई, न्हाईतर वांब ठरल्याला. घामावाटं मीठ जातं बाय. रोज हितं थांबत जा, जाताना आन् येताना." आमच्या घरात त्यांच्याकडचं पाणी चालत नसे. ते मला तांब्या रिकामा झाल्यावर आठवलं, आणि आठवून काही वाटलं नाही.

तिचा नवरा गेट उघडून आला. त्याने सायकलभोवती एक फेरी मारली. "ताई, ही सीट लय खाली हाय. टाच पायंडलावर ठेवली की पाय सरळ व्हाया पायजे. कुनी बसवली अशी?" त्याने आपल्या पान्याने सीट चार बोटं वर घेतली आणि तो जुना पाना मला देऊन टाकला.

त्या दिवशी आणखी एक शेरा पडला. अध्यक्ष म्हणाले, "सोमवारी दिपोटीसाहेब येणार आहेत. आता तेच काय ते ठरवतील." दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा अंमलदार. माझी नोकरी त्याच्या टाकाखाली होती.

घरी आले तर दादाने सीट बघितली आणि ट्रंकेतला पाना काढून खाली केली. मी पिशवीतून पाना काढला आणि त्याच्या देखत, ओट्यावर, शेजारपाजारच्यांसमोर ती पुन्हा वर केली. "पाय माझे आहेत," मी म्हटलं. "तुझी शोभा तू सांभाळ." त्याने आपला पाना ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. लावू दे, माझा माझ्यापाशी होता.

सोमवारी मी गेटाशी थांबले, पेज प्याले, वर तांब्याभर पाणीही प्याले, आणि साडेदहाला शाळेत हजर. गोळा नाही, काही नाही. अध्यक्षांनी घड्याळ कानाशी लावून बघितलं!

दिपोटीसाहेबांनी कविता म्हणवल्या, पाढे विचारले. मग हजेरीपट उघडला. सकाळी अठरा मुली, दुपारच्या सुट्टीनंतर पाच. रोज तेच. "बाई, मुली जेवायला जातात त्या परत का येत नाहीत?"

"आईबापांना शिक्षणाची किंमत नाही," मी सांगितलं. "मुलीही आळशी आहेत. मी पट्टीने मारूनही बघितलं." ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी तळहात पुढे करवून मी प्रत्येकीला दोन दोन पट्ट्या देत असे.

सुट्टी झाली आणि गेटाशी प्यालेलं पाणी बोलू लागलं. इतके महिने कोरडी राहिले होते, म्हणून हा प्रश्न मला त्या शाळेत कधी पडलाच नव्हता. खोलीला दार एकच, ते चावडीच्या ओट्याकडे. ओट्यावर अध्यक्ष, दिपोटी आणि निम्मं गाव. मागे उघडी आळी. मी वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या मुलीला कोपऱ्यात घेतलं आणि कानात विचारलं, "तुम्ही कुठे जाता गं?"

"कुटंच न्हाई, बाई," ती म्हणाली. "म्हनून तर घरी जातो. आन् घरी गेलं की आई कामाला लावती. मग पुन्ना येऊ देत न्हाई."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई."

मी तिच्यामागून तिच्या घरी गेले, मोकळी होऊन आले आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिले. "साहेब, मघाशी मी चुकीचं सांगितलं. या शाळेत मुलींना लघवीला जायला जागा नाही. मुली आळशी नाहीत." ओट्यावरच्या मंडळींनी माना फिरवल्या. अध्यक्ष खोकले. दिपोटीसाहेब आढ्याकडे बघत म्हणाले, "बाई, हे बोलण्याचे विषय आहेत का?"

"मग कुणी बोलायचं?" माझा आवाज चढला. "तुम्ही सगळे इथून उठून त्या भिंतीला उभे राहता!"

शेरा पडला: 'शिक्षिका वेळेवर हजर. अध्यापन बरे. भाषेवर संयम नाही. उमेदवारी सहा महिने वाढवावी.' कमिटीने जागा करून दिली नाही, पैही नाही. मुलींच्या आयांनी रानातून कारवीच्या काठ्या आणल्या आणि दोन दिवसांत खोलीमागे कूड उभा केला, वर पळसाची पानं.

पुढच्या सोमवारी दुपारी मी हजेरी घेतली. सतरा मुली होत्या. हजर लिहिता लिहिता मागची पानं उलटली. चार महिने, रोज दुपारी, ओळीने गैरहजेरीचे 'गै', 'गै', 'गै'. वळणदार अक्षर, शाईचा एक डाग नाही. दादावर, अध्यक्षांवर, दिपोटीवर मी पुष्कळ रागावले आणि तो राग मला पुरला. पण ते अक्षर माझं होतं. थोरलीला जवळ बोलावून मी म्हटलं, "त्या पट्ट्या मी उगाच मारल्या गं."

तिने दोन्ही हात परकरामागे नेले. मी पुन्हा मारणार, असं तिला वाटलं होतं.