सिंहाचा दुसरा डोळा

गावित सर नसते तर मी आजही पेठच्या आमच्या पाड्यावरून दिंडोरीकडे द्राक्षं तोडायला जात असतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो त्यांच्यामुळे. ‘आधी तपासायचं, मग मानायचं’ हेही त्यांनीच शिकवलं. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... तरीही हे लिहितोय.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कलादालनात मी कार्यक्रमांचं काम बघतो. तिथे चिनी कलेचं प्रदर्शन होतं – शाईची चित्रं, कागदी नक्षी आणि शेवटी सिंहनृत्य. ते करायला कोलकात्याच्या चिनी वस्तीतून मेईदीदी आणि त्यांची मुलं आली होती. नाचाआधी सिंहाच्या मुखवट्याला बुबुळं काढतात. पाहुण्याने लाल ठिपका दिला की सिंह जागा होतो, अशी त्यांची रीत. मी सरांना बोलावलं.

सरांचा डावा डोळा साखरेने आधीच गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्याचं ऑपरेशन होतं. ‘जमलं तर नजर राहील,’ एवढंच डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी त्यांनी हे बघावं, असं मला वाटलं.

मुखवट्याच्या पांढऱ्या केसांवर हात फिरवत सर हसले. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात असेच मुखवटे घालून नाचतात. “हे तर आपल्या बोहाड्याचं सोंग हाय रे! पण याला नागलीची भाकर चालंल का?”

“सर, याला कोबीचा गड्डा देतात.”

“मंग गरीबच हाय बिचारा.”

मेईदीदींनी बजावलं, “दोनों आँख, एक ही हाथ से.”

सरांनी एक ठिपका दिला. कुंचला घसरून ठिपक्याला खाली शेपटी आली. मग ते थांबले. “पोरा, दुसरा डोळा कुठं हाय? दिसत नाय मला.”

मी हात धरायला गेलो, तर “एकच हात म्हणल्या ना त्या,” म्हणत त्यांनी कुंचला खाली ठेवला.

मेईदीदींचा चेहरा उतरला. एका डोळ्याचा सिंह नाचवत नाहीत, म्हणून त्या दिवशी नाच राहिला. आमच्याकडे बोहाड्याचं सोंग रंगवायचं अर्धवट राहिलं, तर रंगवणाऱ्याचंच कापड त्यावर झाकतात. मी सवयीने सरांचं उपरणं मुखवट्यावर टाकलं. कुंचला धुतला आणि घाईत रंगाच्या बाटलीसकट माझ्याच बॅगेत ठेवला.

सकाळी सरांना ऑपरेशनसाठी आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने मेईदीदींचा फोन आला. त्या मुखवट्याजवळच बसून होत्या.

“सुनील, रंग तो आपके पास है ना?”

“हो दीदी, का?”

“कपड़ा उठाया... दूसरी आँख बन गई है. गीली है.”

मी बॅग उघडली. बाटलीचं झाकण घट्ट होतं, पण कुंचल्याचं टोक लाल आणि ओलं होतं. सर आत, आणि हे काय चाललंय? त्या डोळ्याच्या बदल्यात कुणाचा डोळा जाणार, हाच एक विचार डोक्यात.

संध्याकाळी दालनात जाऊन बघितलं. दुसऱ्या ठिपक्यालाही तशीच खाली शेपटी होती. उपरण्याला मात्र लाल डाग नव्हता.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. डॉक्टर म्हणाले, दिसायला लागलं की नाही ते काही आठवड्यांनी कळेल. सर पाड्यावर परत गेले. मग मी त्यांना हे पत्र पाठवलं :

‘सर, सा. न.

ऑपरेशननंतर तुम्ही म्हणालात, “आत माझ्या तोंडावर कापड टाकलं तेव्हा हाताला सिंहाचे केस लागले रे. चाचपून ठिपका देऊन टाकला.” सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचा धीर झाला नाही. सर, तो ठिपका खरंच तिथे होता. त्याच संध्याकाळी सिंह नाचला.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. कुणाकडून वाचून घेऊ नका. तुमचं तुम्हाला वाचता आलं तर टेकडीवर रेंजमध्ये येऊन मला एक फोन करा. काही बोलला नाहीत तरी चालेल.

तुमचा सुनील’