आईच्या आवाजावर माझा आवाज

हे मी अजून कुणाजवळही बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, दादाजवळ नाही. बोलायचं तरी काय — की एका वाक्याचं भाषांतर मी खोटं केलं? ऐकणारा म्हणेल, बस, एवढंच?

मी ऑडिओ डॉक्युमेंटरी करते. माणसांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, कापून-जोडून अर्ध्या तासाची गोष्ट करायची. ऐकणारे सगळे हिंदीवाले. म्हणून कुणी मराठीत बोललं की दोन-तीन शब्द त्याच्या आवाजात ऐकू द्यायचे, मग तो आवाज खाली न्यायचा आणि वरून आपण हिंदीत बोलायचं. खाली काय चाललंय ते कुणाला कळत नाही. लोक विश्वास ठेवतात — न ठेवून करतील काय?

हातून गेलेल्या नोकऱ्यांवर एक भाग करत होते. बाहेर कशाला शोधा, म्हणून दुर्गजवळ चरोद्याला, रेल्वे कॉलनीतल्या आमच्या घरी, आईसमोरच माइक धरला. लग्नानंतर तिची नर्सिंगच्या ट्रेनिंगला निवड झाली होती आणि ती गेली नाही, एवढंच मला ठाऊक होतं. बाबा बाजारात गेले होते. आई सरळ सांगून गेली.

"जायच्या दिवशी तुह्या बाबानं बाहेरून कुलूप लावलं अन् ड्युटीवर चालले गेले. मी दादाले कडेवर घेऊन दुर्गची लोकल जातानी आयकत राह्यली."

ती रडली नाही. मी माइक बंद केला.

माझे बाबा — रेल्वेतून रिटायर झालेले, विहारात जयंतीला मुलींच्या शिक्षणावर बोलणारे. नुसते बोलणारे नाहीत, मला त्यांनीच शिकवलं. कॉलनीतल्या कितीतरी मुली त्यांच्या शब्दावर कॉलेजात गेल्या. आपलेच दात, आपलेच ओठ — असं मी मनाशी म्हटलं का? नाही. काहीच म्हटलं नाही. एडिटला बसले, आईचे 'जायच्या दिवशी' एवढे शब्द ठेवले, आवाज खाली नेला आणि वर माझ्या स्वच्छ हिंदीत बोलले, "जाने के दिन लगा, घर कौन सँभालेगा? मैंने ही मना कर दिया." पहिल्याच टेकमध्ये झालं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

भाग आला तेव्हा घरी सगळ्यांनी मिळून ऐकला. बाबा म्हणाले, "बढिया झालं." आईला हिंदी माझ्याइतकीच कळते. ती म्हणाली, "माहा आवाज एवढा हळू कावून हाय?"

"तशीच पद्धत असते, आई," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मला लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. सुटले असं वाटलं — हे खरं आहे, म्हणून सांगते.

मागच्या महिन्यात दादाची मुलगी नर्सिंगला निघाली. पोरगी घरातही हिंदीच बोलते. तिनं आजीला विचारलं, तू का नाही गेलीस? आई तिच्या बॅगेची चेन लावत म्हणाली, "घर कौन सँभालता? मैंने ही मना कर दिया." माझेच शब्द, जिथं मी थांबले होते तिथंच थांबून. मी समोर बसले होते.

आईचं मूळ रेकॉर्डिंग मी, भाग आला त्याच आठवड्यात, पुसून टाकलं होतं.