शाळेचं घड्याळ अठ्ठावीस मिनिटं मागे

सूर्याला साक्षी ठेवून, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत मी शाळेचं घड्याळ अठ्ठावीस मिनिटं मागे केलं आणि सात पोरींची एसटी चुकवली. आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारीनं लपवलं असं कुणी म्हणायला नको.

तेव्हा मी तिशीच्या आतली, बी.एस्सी. बी.एड., पाटोद्याजवळच्या एका हायस्कुलात गणित-विज्ञानाची बाई. स्वतःला लई शहाणी समजायचे. चालताना मान अशी ताठ, की पायाखालचा दगड दिसायचा नाही. पाटोद्याला नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या. बीडला गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. एका बोळात गणिताचे सर, दुसऱ्या बोळात विज्ञानाचे, आणि पोरं सायकली हाणत एका विषयातून दुसऱ्या विषयात पळायची. शांपूसारखं ज्ञानही सुट्या पुडीत मिळायला लागलं होतं.

मला ते पटायचं नाही. आजही पटत नाही. कडुलिंबाच्या झाडाची उंची मोजायला गणित लागतं, त्याचं पान कडू का हे विज्ञान, आणि त्याच्या सावलीत बसलेल्या म्हातारीचं बोलणं लिहून घ्यायचं तर मराठी. झाड एकच आहे. मग तास तीन कशाला? असं भांडून भांडून मी आठवीचे आठवड्यातले दोन तास जोडून घेतले. त्यात सगळं एकत्र शिकवायचे. आमचे हेडसर त्याला खिचडीचा तास म्हणायचे, आणि हे काही कौतुकानं नव्हे.

हेडसर स्वतः भूगोल शिकवत. शाळेत पृथ्वीचा एकच गोल होता आणि तो त्यांच्या कपाटात कुलपात असे. पोरं फिरवून फिरवून खिळखिळा करतील, ही भीती. मी मागितला तर म्हणाले, बाकी काय वाटेल ते शिजवा, भूगोलाला हात लावायचा नाही. मीही तोऱ्यात म्हटलं, राहिलं. माझं काही अडत नाही.

इथेच अडलं, पण ते कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

पोळा होऊन गेला होता. पावसानं ओढ दिलेली, ऊन कडक. मी मैदानात काठी रोवली आणि पोरांना सांगितलं, सावलीच्या टोकावर दर थोड्या वेळानं खडा ठेवायचा; सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा बारा वाजले. पोरं रांगत, भांडत खडे मांडत होती. सगळ्यात आखूड सावलीचा खडा पडला तेव्हा माझ्या लग्नातल्या घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते.

शहाणं माणूस म्हणालं असतं, माझ्या समजण्यात काहीतरी राहिलंय. मी म्हणाले, घड्याळ चुकलंय. हेडसर शिक्षण खात्याच्या कामाला बीडला गेलेले. मी स्टुलावर चढले आणि काटे मागे फिरवले. आमचा शिपाई, वयानं वडलांसारखा, खालून म्हणाला की त्यानं घड्याळ सकाळीच रेडिओवर मिळवलंय.

मी वरूनच ऐकवलं, "रेडिओ दिल्लीचा. सूर्य आपल्या गावचा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य मला इतकं आवडलं की डब्याच्या सुट्टीत दोन शिक्षकांनाही ऐकवलं. बी.एस्सी.चा दरारा असा, की त्यांनी मुकाट्यानं आपापल्या मनगटावरची घड्याळंही मागे केली.

शाळा पाचला सुटायची आणि सव्वापाचला फाट्यावर मुक्कामी गाडी यायची. ती सात पोरींना त्यांच्या गावी सोडून रात्रभर तिथंच थांबायची. त्या दिवशी शिपायानं पाचची घंटा दिली, पोरी पळत फाट्यावर गेल्या, आणि मागून मी. फाट्यावर धूळ तेवढी होती. टपरीवाल्यानं सांगितलं, गाडी कवाच गेली.

सहा किलोमीटर चालायचं होतं. मी पदर खोचला आणि पोरींबरोबर निघाले. सहा जणी खिदळत होत्या, एक गप्प. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली होती. हिला वडलांनी एकाच अटीवर पुढं पाठवलं होतं: गाडीनं जायचं, गाडीनं यायचं, ज्या दिवशी गाडी चुकली, त्या दिवशी शाळा संपली. हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मला ते काटे फिरवताना आठवलं नाही.

अर्ध्या वाटेवर ती थांबली. "बाई, हेडसरांनी पाठ करून घेतलंय ना, भारताचा टाइम साडेब्याऐंशी रेखांशावरचा. ते तर तिकडं लई पूर्वेला हाय. मंग तिथं बारा वाजत्यात तवा आपल्याकडं सूर्य डोक्यावर कसा येईल?"

मी थांबले. काडी घेतली. धुळीतच वजाबाकी मांडली. आपलं गाव साडेपंचाहत्तरच्या आसपास. फरक सात. एका अंशाला चार मिनिटं. सात चोक अठ्ठावीस. घड्याळ बरोबर होतं, सूर्यही बरोबर होता, चुकलेली त्या रस्त्यावर मी एकटीच उभी होते.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या गप्प पोरीचे वडील थांब्यावर रिकाम्या गाडीशेजारी उभे. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला घरी नेलं, पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "सकाळी येतो, दाखला न्यायला."

परतीची गाडी सकाळीच होती. तिच्यात आम्ही तिघं बसलो. पोरीच्या हातात दप्तर नव्हतं.

शिपायानं घड्याळ आधीच नीट केलं होतं आणि बातमीही नीट पोचवली होती. हेडसरांनी वडलांना खुर्ची दिली आणि माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. यापुढे फक्त स्वतःचाच विषय शिकवीन, असं लिहून द्या. पालकांचंही समाधान होईल.

मी म्हणाले, "चूक माझी, हे हजार वेळा लिहून देते. तास बंद करते, हे एकदाही नाही. काल हा तास कमी खिचडी होता म्हणून बिघडला, सर. तुमचा गोल माझ्या वर्गात असता तर गाडी चुकलीच नसती."

हेडसर म्हणाले, साडेब्याऐंशी त्यांनी गेल्याच महिन्यात शिकवलंय.

"शिकवलंय, म्हणून तर तिला आठवलं. तुमच्या तासात काठी नव्हती, माझ्या तासात गोल नव्हता. दोन्ही तास जोडले ते एकट्या तिनं. तिला सांगू द्या, मग द्या दाखला. किल्ली द्या."

मग हेडसरांनी किल्ली टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली.

पोरीनं गोल खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरला. खडूनं एक ठिपका पूर्वेला, एक आपल्याकडं. हळूहळू फिरवत राहिली. सूर्य आधी तिकडं, मग इकडं. एकदाही चुकली नाही. वडील खुर्चीतून उठून वाकले आणि ठिपक्याजवळ डोळा नेऊन बघू लागले. मग तिलाच विचारलं, "म्हंजी गाडी तिकडच्या टायमावर, आन आपली दुपार हिकडच्या?"

"व्हय, आप्पा."

हेडसरांचा कागद कोराच राहिला. वडलांनी लिहून आणलेला दाखल्याचा अर्ज घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि पोरीला सांगितलं, आजच्या दिवस दप्तराबिगर बस. ती पळाली. दारात पायताण घालता घालता ते माझ्याकडं वळले.

"बाई, तुमाला काय कालवायचं ते कालवा. पर घंटा द्यायच्या आदी आमच्या पोरीला इचारत जा."