जांभईने केलेला सेक्रेटरी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर महिन्याभरात माझा पाय घरातल्या घरात चालू लागला. उजवा हात मात्र खांद्याला अडकवलेल्या पिशवीसारखा लोंबत राहिला. व्यायाम करून घ्यायला सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटवर एक थेरपिस्ट मुलगी यायची. "काका, मन लावून. बोटं उघडा." मी दातओठ खायचो, बोटं ढिम्म.

एके दुपारी जेवणानंतर मला मोठी जांभई आली आणि तोच हात आपोआप छातीपर्यंत उचलला गेला! बायको झारा घेऊनच धावत आली. "परत द्या! परत द्या जांभई!" जांभई अशी मागून येते होय? मग तीच समोर बसून आ वासू लागली. तिचं बघून मला आली, हात पुन्हा उठला, आणि ती रडायलाच लागली.

थेरपिस्टने फोनवर समजावलं, "काकू, झटक्यानंतर काहींचं असं होतं. पण हात काकांच्या हुकमाने उठत नाहीये. व्यायाम सोडू नका."

त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. जुन्या सेक्रेटरींनी गळतीच्या तक्रारींना कंटाळून राजीनामा दिलेला. अध्यक्ष टाकीच्या सफाईवर अर्धा तास बोलले आणि म्हणाले, "नवीन सेक्रेटरी कोण होणार? हात वर करा." सगळ्यांनी हात मांड्यांखाली दडवले. नेमकी मला जांभई आली.

टाळ्या! तोंड मिटल्यावर मी ओरडलो, "अहो, ही जांभई होती!"

अध्यक्ष म्हणाले, "जांभई तोंडाने देतात, साहेब. तुमचा तर हात वर होता."

घरी बायको हाताकडे बघून म्हणाली, "चपाती मोडायला उठत नाही मेला, सेक्रेटरी व्हायला बरा उठला!"

थेरपिस्ट पोट धरून हसली, मग गंभीर झाली. "छान. बोटांत जोर आला की नोटिसा उजव्या हातानेच लिहायच्या." काही आठवड्यांनी बोटं जराशी मिटू लागली, तेव्हा तिने पेनाला स्पंज गुंडाळला आणि चांगला हात मध्ये लुडबुडू नये म्हणून त्यात जाड मोजा चढवला. पहिली नोटीस, 'उद्या पाणी येणार नाही', लिहायला तास लागला. 'नाही' कागदाबाहेर टेबलावर गेलं. दुसऱ्या दिवशी डोक्याला साबण लावलेले पाचव्या मजल्यावरचे शेजारी भांडायलाच आले. माझा मोजा पाहिला, टेबलावरचं 'नाही' वाचलं, आणि मुकाट्याने आमचीच भरलेली बादली घेऊन गेले.

वर्षभर मी नोटिसा लिहिल्या. आता चमचा धरता येतो. शर्टाची तीन बटणं मी लावतो, उरलेली बायको. परवा मी चौथ्याशी झटापट करत होतो. घाई होती म्हणून ती ते लावू लागली, तर मी चक्क तिचा हात बाजूला केला. उजव्या हाताने.