उथळ वाटी

"उद्याचे सगळे एक्सरे रद्द. सुनंदाताई गेल्या." चिंचवडच्या जनावरांच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी महाळुंग्याला आमच्या शेडच्या दारात उभा होतो. "कुठल्या सुनंदाताई?" असं वेड्यासारखं विचारलंसुद्धा. जणू माझ्या ओळखीत दहा सुनंदाताई आहेत! भाजी निवडता निवडता मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. दीड महिना झाला. तेव्हापासून मला कुठे म्हणून चैन नव्हतं. गाडी काढायचो, भोसरीच्या चौकापर्यंत जायचो, परत फिरायचो... का परत फिरायचो, ते सांगायलाच लिहायला बसलोय.

ताई मोठ्या कुत्र्यांचे एक्सरे काढायच्या. वडील पिंपरीत कंपनीत मशीनवर होते. मुलीने एक्सरेचा कोर्स करावा हा त्यांचाच हट्ट. माणसांच्या हॉस्पिटलात उभी हयात काढून निवृत्त झाल्या आणि मग इकडे आल्या. "माणसं श्वास रोखा म्हटलं तरी बोलत राहतात. कुत्री बरी," म्हणायच्या. भूल दिलेलं चाळीस किलोचं धूड उताणं करायचं, मागचे पाय सरळ ताणून धरायचे... साडीवर शिशाचा जड एप्रन चढवून हे सगळं त्या बिनबोभाट करायच्या. खिडकीत त्यांची एक स्टीलची वाटी असायची, वाटीत लिंबू. फिल्म दाखवण्याआधी ती मालकाच्या हातात द्यायच्या. "लिंबू म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा, ही खुब्याची वाटी. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, असल्या जड जातींत ही वाटी पुष्कळदा उथळ निघते. गोळा नीट बसत नाही, हाड झिजतं. आईबापाकडून पिल्लात उतरतं. म्हणून वीण घ्यायच्या आधी एक्सरे." प्रत्येकाला एवढं सांगायच्या, न कंटाळता.

मी मात्र अर्धंच ऐकलं. माझी राणी, जर्मन शेफर्ड. ताई म्हणाल्या, "भाऊ, राणीची वाटी उथळ आहे," आणि माझा फोन वाजला. शेडवर ट्रक अडकला होता. लिंबू हातात घेण्याआधीच मी "कळलं कळलं ताई" म्हणत सटकलो. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "वाटी व्हय? माझ्या बी दोन्ही गुडघ्यांच्या गेल्यात की. तेल चोळ, आनि काय!" आमच्याकडे वाटी म्हटलं की गुडघ्याचीच. महिनाभर मी राणीचे गुडघे तिळाच्या तेलाने चोळले. बिचारी डोळे मिटून चोळून घ्यायची. आणि मग वीण घेतली. सहा पिल्लं झाली.

पेढे घेऊन दवाखान्यात गेलो तर ताई एप्रनसकट स्टुलावर बसल्या. "भाऊ, मी काय सांगितलं होतं?"

"गुडघ्याची वाटी..."

इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण म्हणाल्या काय, तर "चूक माझीही आहे. तुमचा हात आधी तिच्या खुब्यावर ठेवायला हवा होता." त्या दिवसापासून त्या प्रत्येक मालकाला आधी कुत्र्याच्या खुब्यावर हात ठेवायला लावायच्या, मग वाटी.

पिल्लं घरोघर गेली तरी ताईंनी फोन करकरून पाच जणांना बोलावलं. दोन पिल्लांच्या वाट्या उथळ निघाल्या. वजन आटोक्यात ठेवलं, जिने बंद केले, फरशीवर सतरंज्या अंथरल्या. दोघंही बरी चालतात. सहावं, टायगर, भोसरीला माझ्या अक्काच्या घरी. दाजींचं वर्कशॉप, तीन मजली घर, गुळगुळीत फरशी. टायगरला रोज दूध-अंडी, आणि आल्यागेल्यापुढे जिन्यावर वरखाली पळवायचं. "मेहुण्याकडचं अस्सल ब्रीड आहे राव!" हे ऐकलं की मी विषय बदलायचो. एक्सरेत खोट निघाली तर अक्काच्या सासरी मी तोंडघशी पडणार! ताई दरवेळी विचारायच्या, "भोसरीचं आणलं का?" शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "आठ महिन्यांचं झालं ते. रोजचा जिना त्याला महाग पडतोय, भाऊ." मी परवाची वेळ घेतली. नक्की आणतो म्हणालो.

आणि दुसऱ्याच दिवशी तो फोन आला. खरं सांगू? फोन ठेवल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःची शरम वाटली, ती अजून जात नाही.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. बुद्धवंदना झाली, माणसं ताईंबद्दल बोलली. निघताना ताईंची मुलगी म्हणाली, "दवाखान्यातून आईचं सामान आलंय. ही वाटी कशासाठी होती, कळेना." मी ती मागून घेतली.

काल भोसरीच्या चौकातून परत फिरलो नाही. दाजींनी हाक मारली तसा टायगर जिन्यावरून आला, मागचे दोन्ही पाय एकदम टाकत.

"बघा, कसा सशासारखा उड्या मारतो!" दाजी हसले.

मी त्यांचा हात धरून टायगरच्या खुब्यावर ठेवला. "हात तसाच ठेवा, दाजी. त्याला दोन पावलं चालू द्या." टायगर चालला. दाजींचं हसू थांबलं.

"आत काहीतरी सरकतंय रे... हे काय?"

मी खिशातून वाटी काढली. "अक्का, एक लिंबू दे गं," म्हणालो, आणि फोन बंद करून त्या गुळगुळीत फरशीवर मांडी घालून बसलो.