गुलमर्गचा कौल

खाजणवाडीच्या वेतोबाचे गुरव दाजी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही देवाच्या तोंडून.

मालवणच्या खाडीकाठच्या या वाडीत कौल घेतल्याशिवाय कोणी काही ठरवत नसे. नवी होडी कधी लोटायची किंवा विहीर कुठे खणायची, हेसुद्धा देवाला विचारत. दाजी गाभाऱ्यात जात, वेतोबाच्या काळ्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना पिटकोळीच्या ओल्या कळ्या चिकटवत आणि गाऱ्हाणं घालत. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी कळी घटकाभर हलत नसे. दाजी घामाघूम होऊन उभे राहत, पण कळीला त्यांनी तीस वर्षांत बोट लावलं नव्हतं.

सदुसष्ट साली संक्रांतीला आनंदीबाई वराडकरांचा मुलगा मुकुंद बायकोला घेऊन मुंबईहून आला. तो एका कारखान्यात इंजिनीयर होता. नवराबायको फेब्रुवारीत रजा घेऊन बर्फावर स्कीइंग करायला जाणार होती. पायांना लांब फळ्या बांधायच्या आणि डोंगरावरून घसरत खाली यायचं, एवढं आनंदीबाईंना समजलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"घसरान पडलास तर माणूस मेल्याशिवाय रवात?" त्या म्हणाल्या. "जावचा आसा तर देवाक इचारून जावा."

मुकुंदची हरकत नव्हती, कारण घरात त्यावरूनच रोज वाद चालला होता. त्याला कुफरीला जायचं होतं. सिमल्याहून मोटारीनं तासाभरात पोचता येतं, उतार लहान, नवशिक्यांची सोय, मुक्काम सिमल्याच्या हॉटेलात, आणि हातपाय मोडलाच तर डॉक्टर जवळ. त्याच्या ऑफिसातला एक जण जाऊन आला होता, तोही हेच म्हणत होता. त्याच्या बायकोला, कुमुदला, मात्र गुलमर्गच हवं होतं. गुलमर्ग उंचावर. शेवटचा चढ बर्फातून तट्टावर बसून करायचा, आणि वाट बंद झाली की चार दिवस अडकून पडायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिकडे कशाला जावं, याचं उत्तर ती देत नव्हती.

ते तिनं दाजींना दिलं. कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी ती एकटीच देवळात आली. दाजी फुलं निवडत बसले होते. ती समोर बसली आणि पर्समधून एक पत्र काढलं.

"माझा भाऊ विनू सैन्यात होता," ती म्हणाली. "एकसष्टच्या हिवाळ्यात त्याला गुलमर्गला बर्फावर चालायला शिकवलं. हे तिथलं पत्र, पाय मुरगळून लंगडत होता तेव्हाचं. पुढच्या वर्षी चीनच्या लढाईत नेफात गेला तो बेपत्ताच आहे. मेला असं कोणी सांगत नाही, आहे असंही सांगत नाही. घरात त्याचं नाव काढलं की आई जेवत नाही. दाजी, तो ज्या उतारावर पडत-धडपडत शिकला, तो मला एकदा बघायचाय. बस."

दाजींना मूलबाळ नव्हतं. पोटच्या पोरीनं काही मागावं तसं त्यांना झालं. तरी ते म्हणाले, "बाये, माज्या हातात काय नाय. देव सांगात तां."

दुसऱ्या दिवशी सकाळी वराडकर मंडळी सभामंडपात उभी राहिली. गाभाऱ्यात समईपुरता उजेड होता. दाजींनी कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां बर्फाच्या मुलखात जातत. कुफरेक जावचा की गुलमर्गाक, तां तुया सांग. कुफरी बरी तर उजवो दी, गुलमर्ग बरा तर डावो."

"व्हय म्हाराजा," बाहेरून आवाज आला.

वाक्य संपायच्या आत उजवी कळी पडली. इतका चटकन कौल दाजींनी कधी पाहिला नव्हता. कळी पायाशी पडलेली त्यांना दिसत होती, आणि बाहेर कुमुद उंबऱ्याकडे डोळे लावून उभी होती, तेही दिसत होतं. देवाकडे पाठ करून ते दारात आले.

"डावो दिलो," ते म्हणाले. "गुलमर्ग."

माघात रीतीप्रमाणे वेतोबापुढे चामड्याच्या नव्या वहाणा ठेवल्या. वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून राखणीला फिरतो. पाडव्यापर्यंत त्या वहाणांच्या टाचा झिजतात, तळव्यांना माती लागते, हे वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी जन्मभर बघितलेलं. त्या वर्षी पाडव्याला दाजींनी वहाणा उलटून पाहिल्या. चामडं कोरं होतं.

त्याआधीच कौल बंद झाला होता. फेब्रुवारीत शंकर तांडेल होडीचं विचारायला आला. दाजी सूर्योदयापासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभे राहिले. कळ्या खांद्यांवरच सुकल्या. पुन्हा ओल्या लावल्या, त्याही सुकल्या. पुढच्या आठवड्यात तेच. लोक म्हणाले, देव रागावलाय. दाजींना तसं वाटत नव्हतं. देव रागावला की गाभाऱ्यात जाणवतं, अंगावर काटा येतो. आता आत गेल्यावर काहीच वाटत नसे. भाड्याचं घर कोणी रिकामं करून जावं आणि आपण आत उभं राहावं, तसं.

मे महिन्यात मुकुंद आणि कुमुद आंब्यांना आली, तीही धडधाकट. कुमुदच्या चेहऱ्यावर तेज होतं. अक्रोडांची पुडी घेऊन ती दाजींच्या घरी आली. दाजींची बायको नर्मदा पाणी घेऊन आली आणि तिथेच बसली.

"दाजी, देवानं कौल दिला म्हणून वाचले," कुमुद म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी विनूचा उतार शोधत एकटीच लांब गेले. एकदम धुकं उतरलं. फळ्यांची टोकं दिसेनात. आणि मग पुढे एक माणूस दिसला, उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला वाटलं विनूच. हाका मारल्या. तो वळला नाही, नुसता चालत राहिला. मी त्याच्या मागून उतरले. धुकं विरलं तेव्हा आमच्या झोपडीपाशीच होते. ज्या बाजूला मी निघाले होते, तिथे कडा होता, असं तिथले लोक म्हणाले."

"पायात काय होता तेच्या?" दाजींनी विचारलं.

"वहाणा. आपल्याकडच्या असतात तशा चामड्याच्या. बर्फात! तेच मला अजून कळत नाही."

दाजींच्या हातातली पुडी खाली पडली. अक्रोड गोळा करायच्या निमित्तानं ते खाली वाकले आणि कुमुद जाईपर्यंत वर बघितलं नाही.

रात्री त्यांनी नर्मदेला सगळं सांगितलं. "माज्या खोट्यापायी देवाक तिच्या पाठसून जावचा लागला, गावाची शीव सोडून. आणि तो थंयच रवलो. वाट गावली नाय तेका."

नर्मदेनं दिव्याची वात खाली केली. मग म्हणाली, "मगे तेका परत हाडूक जावा."

खारेपाटणच्या पलीकडे दाजी कधी गेले नव्हते. पूजा चुलतभाऊ शिवाकडे सोपवून ते निघाले. मुंबईहून आगगाडीनं पठाणकोट, तिथून दोन दिवस बस. हिंदी येत नव्हतं. एका कागदावर मुकुंदच्या अक्षरात लिहून घेतलेलं गुलमर्ग हे नाव ते जो भेटेल त्याला दाखवत. मुकुंदला त्यांनी कारण सांगितलं नव्हतं, देवाच्या कामाला जातो, एवढंच म्हणाले होते.

वर पोचले तर बर्फ नव्हतंच. हिरवंगार कुरण, मेंढ्या चरतायत, आणि बर्फ फक्त लांब शिखरांवर. दाजी भांबावले. कुमुदनं सांगितलेला उतार कुठला, कोणाला विचारणार? शेवटी देवदारांच्या कडेला एका उतारावर त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि भर दुपारी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, चुकी माझी. तिचो काय दोष नाय. घराक चल. मी फुडे चलतंय, पाठी वळान बघूचंय नाय."

उताराखाली वाटेवर एक मेंढपाळ कुत्र्याला घेऊन, काठीवर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत होता. दाजी वळून चालू लागले. थोड्या वेळानं त्या मेंढपाळाची नजर आपल्यावरून हलून आपल्या मागे गेलेली त्यांना दिसली. कुत्रा भुंकला नाही, तो जमिनीवर पोट टेकून बसला.

परतीच्या वाटेवर दाजींनी बसमध्ये शेजारची जागा कोणाला दिली नाही. आगगाडीच्या गर्दीतसुद्धा हातभर बाक मोकळा ठेवला. एका बाईनं इथे कोण बसलंय म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गावचे आसत." बाईनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, पदर सावरला आणि दुसरीकडे जाऊन बसली. सहा दिवस त्यांच्या एका खांद्यावर गार वारा लागत होता, भर उन्हाळ्यात.

गावात आल्यावर त्यांनी स्नान केलं आणि चार मानकऱ्यांना देवळात बोलावून खोट्या कौलाची गोष्ट सांगितली. कोणी ओरडलं नाही. त्याच सकाळी शिवानं कळ्या लावल्या आणि उजवी पडली. मानकरी म्हणाले, आता शिवाच करू दे. दाजींनाही तेच हवं होतं. आपल्या हातांचा त्यांना भरवसा उरला नव्हता.

आनंदीबाई संध्याकाळी आल्या. ज्याच्या शब्दावर सून कड्याच्या तोंडाशी गेली, त्याच्या घरी त्या आल्या होत्या. दाजी मान खाली घालून बसले.

"रागान येय होतंय," त्या म्हणाल्या. "पण लगीन झाल्यापासून माझी सून हसलेली मी बघूक नाय हुती. गुलमर्गाथून इल्यार हसता." एवढं बोलून त्या उठल्या.

पुढे दाजींनी नारळीच्या आळ्यांची मजुरी केली. चारचौघांत ते बरे असत. एकटे बसले की मात्र शेजारी कोणीतरी बसल्यासारखे बाजूला सरकत. वैशाखात घोंगडी पांघरून झोपत. नर्मदेनं एकदा विचारलं, "देव तर देवळात गेलो, मगे तुमका हीव कसला?" दाजी म्हणाले, "थंयसून येकटोच देव इलो काय, तां माका तरी खंय म्हायत आसा?"

हे नर्मदेनं कुमुदला सांगितलं. एकोणसत्तरच्या मे महिन्यात कुमुद कडेवर वर्षाची मुलगी घेऊन आली होती. ती तडक माडांच्या बागेत गेली. दाजी आळ्याला पाणी घालत होते.

"दाजी, तुमच्या मागून आणखी कोण आलं?"

"माका बघूचा नाय हुता, बाये. मी बघूक नाय."

"पावलं तरी ऐकली असतील."

दाजींनी कळशी खाली ठेवली. "आयकलंय," ते म्हणाले. "येक वहाणांची. आणि येक बुटांची. ती मात्र लंगडत हुती."

 मुलीला कुमुदनं दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि बराच वेळ माडाच्या सावलीत, जिथे कोणी नव्हतं तिथे, ती बघत राहिली.